सोमवारचा घाणा

उदगीरच्या जुन्या बाजारामागच्या गल्लीत शांतम्मांचा तेलाचा घाणा होता. बाभळीच्या लाकडाचा, एका बैलाचा. त्यात करडईचं तेल निघायचं. अडतीवरून त्या घाण्यापर्यंत करडईची पोती मी वाहायचो. पुढं त्याच जागेवर मोटर बसली आणि मी हमाली सोडून तिथंच कामाला लागलो, ते गुडघे चालेनासे होईपर्यंत. एकवीस वर्षं. आज पाठ सरळ आहे आणि घरी दोन वेळचं खातो, ते त्या बाईमुळं. त्यांच्याबद्दल लिहायचं राहून गेलं होतं.

आमची ओळख दुष्काळात झाली. बहात्तर साली अडतीत पोतंच येईना, तेव्हा हमालानं काय उचलायचं. मी देगलूर रस्त्याच्या दुष्काळी कामावर गेलो. शांतम्मा आणि त्यांचे मालक महादेवप्पा तिथं आधीच खडी फोडत होते. करडई नाही तर घाणा नाही, म्हणून तेही आलेले. दिवसभर खडी फोडायची, ढीग रचायचा, शनिवारी मुकादम पट्टी लावून ढीग मोजायचा. ढिगाच्या पोटात बिनफोडलेले मोठे दगड ठेवायची एक पद्धत पडली होती. वरून खडी रचली की ढीग भरल्यासारखा दिसायचा. मीही ठेवले.

शांतम्मांचा ढीग माझ्या शेजारी. त्यांनी पाहिलं.

"लिंबाजी, आत काय घातलास?"

"समदेच घालतेत, अक्का."

"समद्यांचं मी न्हाई इचारलं. तुझं इचारलं."

त्या परत हातोडा घेऊन आपल्या दगडाला लागल्या. दुपारपर्यंत मी दम धरला, मग ढीग मोडला, मोठे दगड बाहेर काढून फोडले आणि पुन्हा रचला. त्या आठवड्यात माझा ढीग सगळ्यांत लहान भरला. मला बाईंचा रागच आला होता. पण त्यानंतर मी कुठल्याच कामात पोटात दगड ठेवला नाही, हे खरं.

त्यांचे पाळीपाळीनं जुंपायचे दोन बैल चाऱ्याच्या छावणीत होते. त्यातला एक तिथंच गेला. दुसरा वाचला, त्याचं नाव बसवा. पाऊस झाला, घाणा सुरू झाला, पण पंच्याहत्तर साली महादेवप्पा तापानं गेले. मूल एकच, महानंदा, तीही लग्न होऊन त्याच गल्लीत दिलेली. घाणा, बैल आणि बाई एवढंच घर राहिलं. पहाटे बैल जुंपायचा, घाण्यात करडई घालायची, फिरत्या बैलामागं फिरायचं, तेल गाळायचं, पेंड काढायची, परत करडई घालायची. हे एकटीनं. मी पोती टाकायला गेलो की तासभर हात लावायचो. त्याबद्दल बाई मला जेवू घालायच्या.

या घाण्याचा एक नियम होता. सोमवारी बैल जुंपायचा नाही. हा काही शांतम्मांनी काढलेला नियम नव्हे. त्यांच्यात बैल म्हणजे बसवण्णा, आणि सोमवार त्याचा वार. त्यांच्या सासऱ्यांच्या आधीपासून चालत आलेलं. सोमवारी सकाळी बैलाला धुवायचं, कपाळाला विभूती लावायची, आणि मग बाई कुलूप घालून मठात जायच्या, त्या दुपार कलल्यावर परतायच्या. साऱ्या गल्लीला हे ठाऊक होतं. कुणी सोमवारी तेलाला यायचंच नाही.

बसवा म्हातारा होत गेला. आधी दिवसात चार घाण्या, म्हणजे करडईच्या चार भरण्या, निघायच्या, मग तीन, मग दोन. शेतकरी करडईचं पोतं घेऊन यायचा, दोन दिवस थांबायचा आणि उचलून दुसरीकडं न्यायचा. तीच पोती मी परत वाहायचो. पोतं आत नेताना जड लागत नाही, तेच माघारी नेताना जड लागतं. शांतम्मा उंबऱ्यात उभं राहून बघायच्या.

नवा बैल घ्यायचा तर तो पाचसात वर्षांनी परत म्हातारा होणार. बाईंनी मोटरीचा घाणा बसवायचं ठरवलं. मोटरीला वीजजोडणी हवी, आणि जोडणीला छोटा उद्योग म्हणून नोंदणीचा कागद हवा. तो कागद मिळवायचा म्हणजे वेगवेगळ्या पाच ठिकाणची पाच पत्रं. त्या वेळी आमचा जिल्हा उस्मानाबाद. उदगीरहून पहाटेची एसटी धरायची, लातूरला बदलायची, पोहोचेपर्यंत दुपार. खिडकीवरचा माणूस जेवायला गेलेला असला तर मुक्काम. बाईंनी अशा अकरा खेपा केल्या. प्रत्येक खेपेला दोन दिवस घाणा बंद. मी दोन वेळा सोबत होतो, मला चौथीपर्यंतचं वाचता येतं म्हणून.

पाच पत्रं जमली की शेवटी तपासणी. एक निरीक्षक येऊन उद्योग खरोखर चालू आहे की नाही हे बघणार. कधी येणार ते कळवत नसत. बाई महिनोन् महिने वाट बघायच्या. मग एक दिवस पोस्टानं पत्र यायचं की पाहणीत घटक बंद आढळला, सबब अर्ज दप्तरी दाखल. असं तीनदा झालं. सत्त्याहत्तरला, एकोणऐंशीला, एक्याऐंशीला. दरवेळी पाचही पत्रं नव्यानं गोळा करायची.

"बंद कसा?" बाई मला विचारायच्या. "मी तर रोज मरून राहिले."

मला काय माहीत. मी पत्र परत परत वाचून दाखवायचो. शेजारचा किराणावाला वीरभद्र म्हणायचा, "अम्मा, तुमच्या नशिबात बैलच हाय. मोटर मागून बैलाचा जीव दुखवू नका." बाई हसायच्या नाहीत.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा वेगळा झाला. आम्हाला त्याचं काय, असं मला वाटलं होतं. जिल्हा बदलून पोत्याचं वजन कमी होत नाही. पण दिवाळीनंतर वीरभद्रानं बातमी आणली की लातूरच्या नव्या कचेरीत पाच पत्रांची भानगड संपली. एकच अर्ज, एकच टेबल, बाकीची पत्रं कचेरीच मागवून घेते. तपासणीची तारीखही आधी कळवते.

"खरं का रे?" बाईंनी विचारलं.

"खरं म्हणजे? माझ्या मेव्हण्यानं पापडाच्या मशीनचा कागद आणला. तीन आठवड्यांत. त्याला तर पापड बी येत न्हाईत."

डिसेंबरात आम्ही दोघं लातूरला गेलो. दोन तासांत पोहोचलो. कचेरी नवी म्हणजे भाड्याच्या घरात होती, बाकं सुद्धा धड नव्हती. टेबलामागं रेणुकादास म्हणून कारकून. पन्नाशीचे, जाड भिंगाचा चष्मा, शाई लागू नये म्हणून बाह्या गुंडाळलेल्या. जुन्या जिल्ह्यातून फायलींचे गठ्ठे आलेले होते, त्यातून त्यांनी शांतम्मांची फाईल शोधून काढली. त्याला अर्धा तास लागला. दुसऱ्यानं परत उद्या या म्हटलं असतं.

"शांतम्मा भ्रतार महादेवप्पा. तेलघाणा, उदगीर. तुम्हीच का?"

"हाव."

त्यांनी फाईल पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मागं रांग चुळबुळत होती. ते मान वर करेनात. मग थांबले, तिन्ही अहवाल वेगळे काढून शेजारी शेजारी ठेवले.

"बाई, घाणा आठवड्यात कधी बंद असतो का?"

"न्हाई. रोज चालतो."

"एकही दिवस नाही?"

"सोमवार सोडून," मी म्हणालो.

"ते तर हायच," बाई म्हणाल्या. "सोमवारी कोण जुंपतं?"

रेणुकादासांनी बोट ठेवून दाखवलं. तिन्ही अहवालांवर तारखेपुढं वार लिहिलेला होता. चौदा फेब्रुवारी, सोमवार. पाच मार्च, सोमवार. नऊ फेब्रुवारी, सोमवार. खाली एकच ओळ. कुलूप होते, शेजारी विचारता घाणा बंद असल्याचे सांगितले.

दौऱ्यात उदगीरचा वार सोमवार होता. निरीक्षक सोमवारी यायचा, कुलूप बघायचा आणि खरं तेच लिहून जायचा. त्यानं आज बंद की कायमचा बंद हे विचारलं नाही. आणि सोमवारची सुट्टी कचेरीला सांगायची असते हे आमच्या डोक्यातच आलं नाही. सोमवार बंद हे आमच्यात सूर्य उगवतो इतकं उघड. सहा वर्षं त्यात गेली.

बाईंनी ते तीन कागद जवळ ओढले. त्यांना वाचता येत नव्हतं.

"शेजारी कोण, ते लिवलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाव नाही."

"माझ्या शेजारी एकच हाय."

रेणुकादासांनी अर्ज स्वतः भरला, बाईंचा अंगठा घेतला. मग म्हणाले, "आता तारीख आधी कळेल. पण एक अडचण आहे. साहेबांच्या दौऱ्यात अजून उदगीरला सोमवारच आहे. यादी जुनीच चालू आहे. वार बदलून मागू शकतो, पण मग तुमचा नंबर पुढच्या फेरीत, म्हणजे एप्रिलात."

एप्रिल म्हणजे करडईचा मोसम संपला. फेब्रुवारी-मार्चमध्ये करडई निघते, तेव्हाच घाण्याला खरं काम. आणि त्या वर्षीही पाऊस तुटका झालेला, कडबा महागलेला. बसवाकडं बघून कुणीही सांगितलं असतं की हा मोसम तो ओढणार नाही.

"बाई," रेणुकादास हळू आवाजात म्हणाले, "एक सोमवार तासभर बैल जुंपला तर नाही का चालणार? देव समजून घेतो."

"देव घेईल," शांतम्मा म्हणाल्या. "बैलाला कसं सांगू? त्याला आज सोमवार हाय हे ठावं असतं. सकाळी धुतलं की तो घाण्याकडं तोंडच करत न्हाई."

"मग काय करता?"

"या म्हणावं सोमवारी. घाणा चालू ऱ्हाईल."

परतीच्या एसटीत मी विचारलं, "अक्का, कसा चालू ऱ्हाईल?"

"बैलाला सुट्टी हाय. मला कुठं हाय?"

तारीख आली. सतरा जानेवारी, संक्रांतीनंतरचा सोमवार, सकाळी दहा वाजता. मी सहालाच गेलो. बाईंनी बसवाला धुतलं, विभूती लावली, कडबा टाकला. त्या दिवशी मठात गेल्या नाहीत. घाण्याच्या आडव्या फळीवर वजनासाठी दगड ठेवलेले असतात, त्यातले निम्मे आम्ही उतरवले. करडईही निम्मीच घातली. जिथं बैलाचं जू यायचं तिथं मी दोर बांधून खांद्याला लावला, बाईंनी मागून दांड्याला हात घातले. महानंदा आत करडई सारायला.

मी शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन जिना चढलेला माणूस. तरी सांगतो, घाणा वेगळा. पोतं उचललं की कुठंतरी ठेवायचं असतं. घाण्याला ठेवायची जागा नसते. दहा फेऱ्यांत छाती भरून आली.

पावणेदहाला मी थांबलो. "अक्का, असं करू. महानंदा कोपऱ्यावर उभी ऱ्हाईल. जीप दिसली की हाक मारंल, मग धरू."

"न्हाई."

"साहेबाला काय दिसणार हाय?"

"साहेबाला न्हाई दिसणार. जीप आल्यावर धरला तर घाणा बंदच होता की. मग त्या तीन कागदांत खोटं काय होतं?"

मला खडीचा ढीग आठवला. दोर खांद्यावर घेतला.

दहा वाजले, अकरा वाजले. साहेब नाही. पहिली घाणी निघाली, पेंड काढली, दुसरी घातली. वीरभद्र दुकानाच्या फळीवर बसून बघत होता. "लिंबाजी, चाल बरी हाय तुझी. शिंगं तेवढी बसवून घे," असं एकदा बोलला. गोठ्यातून बसवा मान वळवून आमच्याकडं बघत होता. आपल्या जागी हे कोण, असं त्याला वाटलं असावं.

बाराच्या सुमाराला बाईंचा पाय घसरला आणि त्या गुडघ्यावर आल्या. उठल्या, लुगडं झटकलं, परत दांडा धरला. तेवढ्यात वीरभद्र खाली उतरून आत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"अम्मा, एक सांगू? त्या साहेबाला बंद हाय म्हणून मीच सांगितलं. तिन्ही वेळा. त्यानं इचारलं चालू हाय का, मी म्हटलं आज बंद. सोमवार होता की. कोण साहेब ते मी इचारलं न्हाई."

"मला ठावं हाय," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"लातूरला कळलं."

"मग बोलला न्हाईत?"

"काय बोलू? खरंच सांगितलास तू. आता आलास तर हात लाव."

वीरभद्रानं सदरा काढून खुंटीला अडकवला आणि दांड्याला लागला. गादीवर बसणारा माणूस. पाच फेऱ्यांत घामानं निथळला. पण सोडलं नाही.

साहेब दीड वाजता आले. अहमदपूरकडं गाडी बंद पडली होती म्हणाले. शरदचंद्र नाव, तरणेच होते. दारात उभं राहून आमच्याकडं बघतच राहिले. मी दोराला, वीरभद्र आणि बाई दांड्याला.

"बैल कुठे आहे?"

"गोठ्यात," बाई चालता चालता म्हणाल्या. "आज सोमवार."

"मग रोज माणसंच ओढतात?"

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं.

"न्हाई साहेब. रोज बैल ओढतो. सोमवारी घाणा बंद असतो. तुमचा वार सोमवार, म्हणून आज आम्ही ओढून राहिलो."

"केव्हापासून?"

"सकाळी नऊपासून. तिसरी घाणी हाय."

साहेबांनी पेंडेच्या दोन ढिगांना हात लावून पाहिला. एक गार, एक अजून कोमट. खालच्या भांड्यात तेलाची धार पडत होती, तिच्यात बोट बुडवून वास घेतला. मग म्हणाले, "थांबा आता."

"घाणी अर्धी हाय," बाई म्हणाल्या. "मधी थांबली तर तेल बसतं. तुम्ही लिवा, आम्ही चालतो."

साहेबांनी उभ्यानंच लिहिलं. जाताना मला वाचायला दिलं. घटक चालू आढळला. चालक शक्ती या रकान्यात लिहिलं होतं, बैल, सोमवार वगळून.

तिसरी घाणी संपवून आम्ही बसलो तेव्हा अडीच वाजले होते. महानंदानं ताक आणलं. वीरभद्राचे तळहात सोललेले होते, त्यावर बाईंनी ताजं तेल लावलं.

नोंदणीचा कागद एकविसाव्या दिवशी आला. जोडणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात. आधीच्या सहा वर्षांत जे झालं नाही ते अडीच महिन्यांत झालं. त्यानंतर आमच्या गल्लीत दोन वर्षांत चार नोंदण्या झाल्या. एक डाळीची चक्की, एक सुतारकामाचं यंत्र, दोन शेवयांची. हे लोक आधी आळशी होते आणि मग कष्टाळू झाले असं नाही. कष्ट तेवढेच होते. आधी त्यातले निम्मे एसटीच्या बाकावर जायचे. कचेरीनं कुणाला काही दिलं नाही, फक्त वाटेतून बाजूला झाली. तेवढ्याचेही उपकार असतात, कारण बाजूला व्हायला सुद्धा कुणालातरी फाईल पहिल्या पानापासून वाचावी लागते.

मोटर सोमवारी चालवायची का, यावर मायलेकींत दोन दिवस वाद झाला. महानंदा म्हणाली यंत्राला वार कसला. बाई म्हणाल्या यंत्राला नसेल, ते चालवणाऱ्या लिंबाजीला हाय. तेव्हा मला कळलं की मला कामावर ठेवलं आहे. सोमवारची सुट्टी मला एकवीस वर्षं मिळाली. हमालाला सुट्टी काय असते ते मी तिथं पाहिलं. बसवा पुढं दोन वर्षं जगला, गोठ्यात, बसून.

मोसम संपल्यावर बाई तेलाचा डबा घेऊन लातूरला गेल्या. मी सोबत होतो. रेणुकादासांनी डब्याला हातही लावला नाही.

"बाई, हे मला चालत नाही. परत न्या."

"लाच न्हाई. काम झालंय की आता."

"झालंय म्हणूनच नाही. उद्या माझ्याकडे जो येईल त्यानं हा डबा इथं पाहिला, तर तो काय समजेल?"

बाईंनी डबा उचलला. रागावल्या नाहीत. त्यांना ते पटलं, हे मला चेहऱ्यावर दिसलं.

"मग एकदा घाणा बघायला या. त्याला तरी बंदी न्हाई ना?"

रेणुकादास मे महिन्यात एका रविवारी आले, पत्नीला, विमलबाईंना, घेऊन. मी मोटर लावून दाखवली. ते चष्मा पुसून पुसून बघत होते. करडई आत जाताना, तेल निथळताना, पेंड सुटून पडताना. किती करडईला किती तेल, एका घाणीला किती वेळ, सगळं विचारलं.

"बावीस वर्षं नोकरी झाली," ते विमलबाईंना म्हणाले. "तेलघाण्याच्या किती फायली केल्या असतील. घाणा आज पाहतोय."

"मग इतकी वर्षं काय बघत होता?" विमलबाई म्हणाल्या.

"सह्या."

जेवायला ज्वारीच्या भाकरी, वरण आणि कारळाची चटणी. शांतम्मा तेलाचं भांडं घेऊन वाढायला आल्या. चटणीत बोटानं आळं करून घ्यायचं आणि त्यात तेल घालायचं, ही आमच्याकडची पद्धत. रेणुकादासांनी आळं केलं. बाईंनी धार धरली. आळं भरलं, तेल काठावरून ताटात उतरलं, भाकरीखाली गेलं. बाई धार थांबवेनात.

रेणुकादासांनी मान खाली घातली आणि भाकरीचा तुकडा त्या तेलात बुडवला. पुरे म्हणाले नाहीत.